विषय: २६ जुलैची बाबांची पत्रे कशी शोधू?

प्रेषक: डेटनहून
शनिवार, १२ जुलै २०२५

नमस्कार मंडळी,

बाबा फेब्रुवारीत गेले. तेव्हा तुमच्यातले कितीतरी जण बर्फातून गाड्या हाकत आलात, आई अजून रोज त्याबद्दल बोलते.

या २६ तारखेला मुंबईच्या महापुराला २० वर्षे होतील. आई सांगते, त्या दिवशी बाबा सकाळी फोनपाशी बसले ते दुसऱ्या दिवशी दुपारीच उठले. ज्यांची माणसे तिकडे होती त्यांच्यासाठी कॉलिंग कार्डावरून नंबर फिरवत राहिले, आणि ज्याचा पत्ता लागेल त्याची खबर लगेच आपल्या ओहायोतल्या मंडळींच्या ईमेल यादीवर टाकत राहिले. मी तेव्हा ११ वर्षांची होते. मला फक्त जेवणाच्या टेबलावर पसरलेले फोन नंबरांचे कागद आठवतात. आईला ती पत्रे पुन्हा वाचायची आहेत.

यादीचे जुने दप्तर सांभाळणाऱ्या दादांनी जुन्या पत्रांचे जे पान उघडून दिले आहे, त्यात तीन रात्री शोधते आहे. ‘पाऊस’ घातले, ‘पूर’ घातले, ‘मुंबई महापूर’ घातले. बाबांचे नावही घालून पाहिले. २००५ सालचे काहीच येत नाही. ‘पाऊस’वर आपल्या काव्यवाचनाचे निमंत्रण येते, बाकी शुकशुकाट. ती पत्रे राहिलीच नाहीत का? की माझे काही चुकते आहे?


प्रेषक: सिनसिनाटीहून काकू
शनिवार, १२ जुलै २०२५

अगं, असणार ती पत्रे. मी स्वतः वाचली आहेत, उभ्या उभ्या, गॅसवर कुकर ठेवून. माझी धाकटी बहीण तेव्हा कलिन्याला राहायची, तळमजल्यावर. आमच्या घरून फोन लागेना. तुझ्या बाबांनी तिच्या शेजाऱ्यांच्या वरच्या मजल्यावरचा नंबर कुठून मिळवला देव जाणे, पण तिचा निरोप मला त्यांच्या पत्रातूनच कळला.

सर्चमधले मला काही कळत नाही. एवढे आठवते की त्या शनिवारी आपली सहल होती आणि त्याच पत्रांच्या मध्ये हे सगळे येत होते. पावभाजीचा मसाला कोण आणणार याच्या खाली माझ्या बहिणीचा निरोप होता. त्याचा काही उपयोग होतो का बघ.


प्रेषक: जुने दप्तर
रविवार, १३ जुलै २०२५

पत्रे आहेत. एकही हरवलेले नाही. काकूंनी सहलीची आठवण काढली म्हणून मला लगेच सापडली. तू चुकलेली नाहीस. तू आज ज्या शब्दांनी त्या दिवसाकडे बघतेस ते शब्द त्या पत्रांत नाहीत, एवढेच. जरा सविस्तर लिहितो, कारण जुने शोधणारे बरेच जण इथेच अडतात आणि ‘मिळत नाही’ म्हणून सोडून देतात.

सहल ३० जुलैला होती. कोण काय आणणार याची पत्रे सोमवारपर्यंत चालू होती. मंगळवारी सकाळी कोणीतरी हाताशी असलेल्या त्याच पत्राला उत्तर दिले, ‘आमच्या घरी फोन लागत नाहीये, कोणाचा लागला का?’ आणि मग सगळे त्याच विषयाखाली लिहीत गेले. विषयाच्या ओळीत मुंबई नाही की पूर नाही, ‘शनिवारची सहल’ आहे. घाईतली पत्रे बहुधा अशी दुसऱ्याच विषयाखाली असतात. विषयाच्या ओळीवर भिस्त ठेवू नकोस.

शब्दाआधी तारीख धर. उन्हाळ्यात आपले घड्याळ भारताच्या साडेनऊ तास मागे असते. तिकडे दुपारी दोननंतर पावसाने जोर धरला तेव्हा इथे पहाटेचे साडेचार वाजत होते. शिवाय पत्रावरची वेळ कधी इथली असते, कधी ग्रिनिचची. म्हणून नेमका २६ तारखेवर बोट न ठेवता दोन्ही बाजूंना एकेक दिवस सोडावा. मी २५ ते ३० जुलै असे सगळे उघडले.

आता शब्द. यंत्राला पाऊस माहीत नसतो, ‘पाऊस’ ही अक्षरे माहीत असतात. आपण मात्र वाक्यात ‘पावसाने’, ‘पावसात’, ‘पावसामुळे’ लिहितो, आणि त्यातला ‘ऊ’ गेलेला असतो. ‘पूर’चे ‘पुरात’ झाले की ऊकार ऱ्हस्व. ‘पाणी’चे ‘पाण्यात’. गावांचेही तेच, कुर्ला लिहायला जावे तर कुर्ल्यात, कलिना तर कलिन्याला, वांद्रे तर वांद्र्याहून. शाळेत सामान्यरूप म्हणून घोकलेले हेच. इंग्रजीची सवय लागलेला माणूस शब्दकोशातला शब्द घालतो, आणि मराठीत तो शब्द वाक्यात बऱ्याचदा तसाच्या तसा येत नाही. म्हणून शब्द जिथे बदलत नाही तिथे तोडायचा आणि तो तुकडा शोधायचा: ‘पावस’, ‘पाण्या’, ‘कुर्ल्या’, ‘वांद्र्या’. ‘पावस’वर रत्नागिरीजवळच्या पावसला जाऊन आलेल्यांचे प्रवासवर्णनही येते. येऊ दे, ते बाजूला सारणे सोपे आहे.

आपल्या पानावरचा शोध मात्र अख्खा शब्द जुळला तरच पत्र दाखवतो. ती मांडणी माझी आहे आणि ती अपुरी आहे, या आठवड्यात बदलतो. जीमेलमध्येही शब्दाचा तुकडा चालत नाही, हे ज्यांनी आपली पत्रे तिथे ठेवली आहेत त्यांनी लक्षात ठेवावे. तोवर तुला अख्खी फाइल पाठवतो. ती थंडरबर्ड या ईमेल वाचायच्या प्रोग्राममध्ये उघडलीस की मजकुरात तुकडाही शोधता येतो. नोटपॅडमध्ये उघडून शोधू नकोस. देवनागरी मजकूर पत्राच्या फाइलमध्ये बऱ्याचदा सांकेतिक रूपात गुंडाळलेला असतो, पत्र वाचणारा प्रोग्राम तो उलगडून दाखवतो. नोटपॅडला नुसती रोमन अक्षरांची रांग दिसते.

त्याहून मोठी गोष्ट म्हणजे ‘महापूर’ हा शब्द त्या दिवशी कोणी लिहिलेलाच नाही. तो नंतर आला. सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि कुलाब्याला ७५ सुद्धा नाही. फोर्टातल्या ऑफिसातून बोलणारा माणूस ‘जोरात पडतोय’ एवढेच सांगत होता. मिठी नदीचे नाव तर मला पहिल्या दोन दिवसांत एकदाही दिसले नाही. त्या लोकांना जेवढे ठाऊक होते तेवढेच शब्द पत्रांत आहेत: लागत नाही, पोचला, पोचली नाही, चालत निघाले, ऑफिसातच झोपले, गाड्या बंद. मी ‘पोच’ शोधले आणि ओळीने सगळे वर आले.

पण तेही देवनागरीत नव्हे. २००५ साली आपल्यातले बहुतेक जण रोमन लिपीत मराठी लिहायचे, आणि प्रत्येकाचे स्पेलिंग वेगळे. पाऊस कोणी पी-ए-यू-एस लिही, कोणी पी-ए-ए-यू-एस, कोणी यूच्या जागी दोन ओ घालून. ‘पोचला’मध्ये कोणाचा ‘च’ सी-एच, कोणाचा नुसता सी. यावर उपाय म्हणजे आधी त्या माणसाचे कुठलेही एक पत्र शोधायचे, अगदी वर्गणीचे असले तरी, आणि तो ‘आहे’, ‘नाही’, ‘झाले’ कसे लिहितो ते बघायचे. एकदा त्याची लिहिण्याची सवय कळली की तसेच शब्द घालायचे.

दोघा-तिघांची पत्रे जुन्या फॉन्टात आहेत. ती उघडली की अर्थहीन रोमन अक्षरे दिसतात, कारण त्या फॉन्टांनी रोमन अक्षराच्या जागी मराठी अक्षराचे चित्र बसवले होते. तो फॉन्ट बसवून आपला शब्द त्यात टाइप करायचा, मग फॉन्ट बदलून बघायचा. जी रोमन अक्षरे दिसतील तीच शोधायची.

युनिकोडमध्ये, म्हणजे आजच्या सगळीकडे चालणाऱ्या देवनागरीत, लिहिलेल्या थोड्या पत्रांतही दोन फसव्या जागा आहेत. ‘पायऱ्या’, ‘किनाऱ्यावर’ यांतला र दोन वेगळ्या तऱ्हांनी टाइप होतो. डोळ्यांना एकच दिसतो, यंत्राला दोन दिसतात. ‘पायऱ्यांपर्यंत पाणी’ शोधायचे तर ‘पाय’वरच थांब. आणि ‘ॲ’ हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आले. त्याआधी कोणी ‘अ’वर चंद्र काढे, कोणी ‘ऍ’ वापरे. ‘ॲम्ब्युलन्स’ शोधायची असेल तर ‘म्ब्यु’ घाल. आकड्यांचेही तसेच, मराठी २००५ आणि इंग्रजी आकड्यांतले २००५ यंत्राला वेगळे.

शेवटचे, तुझ्या बाबांच्या नावाचे. ईमेलचा पत्ता रोमन असतो, देवनागरी नाव घालून पाठवणारा सापडत नाही. त्यांचा यादीवरचा पत्ता ऑफिसातला होता, तो घातला तर २६ आणि २७ तारखेला त्यावरून एकही पत्र नाही. मीही थबकलो. मग तारखेने सगळी ओळीने वाचली. ती पत्रे तुझ्या आईच्या पत्त्यावरून आली आहेत. फाइल उघड आणि स्वतःच बघ, मी जास्त लिहीत नाही.


प्रेषक: डेटनहून
शनिवार, १९ जुलै २०२५

दादा, काकू, सगळी मिळाली. सव्वीस पत्रे. पहिले आपल्या सकाळी आठ वाजून दहा मिनिटांचे.

खाली बाबांचे नाव आहे, पण स्पेलिंग आईचे आहे. ती ‘आहे’ अजूनही दोन ए घालून लिहिते, मला आलेल्या प्रत्येक मेसेजमध्ये ते असते. बाबा फोनवर बोलत होते आणि ती शेजारी बसून लिहीत होती. तिला हे आठवतच नव्हते. मी मोठ्याने वाचायला लागले तशी म्हणाली, ‘थांब, याच्यापुढे कुर्ल्याच्या मावशींचे असेल,’ आणि पुढे तेच होते.

एक माणूस सायनहून मुलुंडपर्यंत चालत गेला. कोणाचा मुलगा शाळेतच राहिला, तिथल्या शिक्षकांनी रात्रभर सांभाळला. काकू, तुमच्या बहिणीचा निरोप अकरावा आहे: ‘कलिना. सगळे वरच्या मजल्यावर. गहू-तांदूळ गेले, माणसे सुखरूप.’

एकच प्रश्न उरला. २८ तारखेच्या पत्रात आहे की बदलापूरच्या दादासाहेबांचा अजून पत्ता नाही, उल्हास नदीचे पाणी ओसरल्यावर पुन्हा फोन करतो. त्यापुढे त्यांचे नाव कुठेच नाही. मी ‘बदलाप’ घातले, म्हणजे ‘बदलापूरला’ आणि ‘बदलापुरात’ दोन्ही यावेत. रोमनमध्ये चार तऱ्हांनी घातले. ऑगस्ट संपेपर्यंत शोधले. आईलाही आठवत नाही, आणि परवापासून ती तेच विचारते आहे. कोणाला माहीत आहे का?


प्रेषक: सिनसिनाटीहून काकू
शनिवार, १९ जुलै २०२५

अगं, ते माझे चुलत सासरे. शुक्रवारी रात्री उशिरा तुझ्या बाबांनी घरी फोन करून सांगितले, शेजारच्या इमारतीच्या गच्चीवर होते, दोन रात्री. दुसऱ्या दिवशी सकाळी सहल होती, तिथे सगळ्यांना तोंडानेच सांगितले. म्हणून पत्र नाही.

आई जागी आहे का? फोन करते.