जुन्या स्टिरिओ स्लाइड्स स्कॅन करायच्या आहेत, मदत हवी आहे

मामांच्या कपाटात स्टिरिओ रिअलिस्ट कॅमेऱ्याने काढलेल्या स्लाइड्सचा डबा सापडला (प्रत्येक स्लाइडमध्ये डाव्या आणि उजव्या डोळ्यासाठी एकेक फ्रेम, व्ह्यूअरमधून बघितलं की चित्र त्रिमितीत दिसतं). १९५० च्या दशकातल्या, बहुतेक कोडाक्रोम (कोडॅकची रंगीत स्लाइड फिल्म). रंग अजून इतके ताजे आहेत की व्ह्यूअरला डोळे लावले की माणसं समोर उभी राहतात! या स्लाइड्स सगळ्यांना बघता याव्यात असं फार वाटतं.

अडचण अशी: काही काचेच्या माउंटमध्ये (फिल्म धरणाऱ्या चौकटीत) आतून बुरशी दिसतेय. माउंट उघडून फिल्म साफ करावी की तसंच स्कॅन करावं? उघडताना डावी-उजवी फ्रेम बदलली तर खोली उलटी दिसते (जवळचं लांब, लांबचं जवळ), त्याचीच धास्ती आहे. शिवाय स्कॅनरची आपोआप धूळ काढायची सोय कोडाक्रोमवर नीट चालत नाही. कुणी हे हाताने केलंय का?