चोर बाजारातलं नौदलाचं पोस्टर: चित्रकार कोण?

गिरगावकर: मटण स्ट्रीटवर युद्धकाळातलं अमेरिकन पोस्टर दिसलं. जहाज पेटलंय, पुढे होडीतून जीव वाचवणारे खलाशी. बेसावध शब्दामुळे जहाज नाहक बुडतं, अशा अर्थाची इंग्रजी ओळ. कुणाचं असेल? मधोमध घड्या आहेत, म्हणून कचरतोय.

दर्यावर्दी: अँटन ओट्टो फिशर, १९४२! माझा फार लाडका चित्रकार. तरुणपणी स्वतः शिडाच्या जहाजांवर खलाशी होता, म्हणून त्याच्या लाटांना वजन आहे. १९४३च्या हिवाळ्यात अमेरिकन तटरक्षक दलाच्या ‘कॅम्पबेल’वरून अटलांटिकमध्ये गेला, पाणबुडीशी झालेली झुंज डोळ्यांनी पाहिली आणि मग रंगवली.
घड्यांचं टेन्शन नको, सरकारी पोस्टरं बऱ्याचदा घडी घालूनच पाठवत. खालच्या कडेला बारीक अक्षरांत सरकारी छापखान्याचं नाव आणि साल शोधा. कागद पांढराशुभ्र, चकचकीत असेल तर सोडून द्या. घेतलंत तर लॅमिनेशन अजिबात करू नका, कागद कायमचा वाया जातो.

माझगावकर: मॅक्लेलंड बार्कलेही बघा. नौदलभरतीची देखणी पोस्टरं केली त्याने. १९४३मध्ये सॉलोमन बेटांजवळ त्याच्या जहाजावर टॉर्पेडो आदळला, त्यातच गेला.

गिरगावकर: आभार दोघांचे. शुक्रवारी भिंग घेऊन जातो.