वेस्टर्न पद्धतीची पागा: रोजचा दिवस आणि ट्रेनिंग कसं लावावं? (रेसमधून आलेला घोडा, पिरंगुट-मुळशी भाग)

पौडरोडवाला

नमस्कार मंडळी. पिरंगुटच्या पुढे छोटी पागा आहे. रेसमधून निवृत्त झालेला सात वर्षांचा थरोब्रेड आणि दोन मारवाडी घोड्या. आजवर इंग्लिश खोगिरावरच काम चालायचं, आता रेनिंगकडे (वेस्टर्न खोगिरावर ढिल्या लगामाने सर्कल, जागेवर गिरक्या आणि घसरत थांबणं) वळायचंय. स्पर्धेचा हट्ट नाही, पण काम पद्धतशीर व्हावं.

अडचणी अशा. थरोब्रेडला लगाम खेचून थांबवायला गेलं की डोकं वर, पाठ खोलगट, आणि पुढच्या पायांवर आदळत थांबतो. रोज पंधरा-वीस वेळा थांबवायचा सराव दिला तर सुधारेल की आणखी बिघडेल? रिंगण काळ्या मातीचं आहे, वर चार इंच वाळू टाकलीय. एका पावसात त्याचा चिखल होतो. तिसरं म्हणजे मोतद्दारांना रेसच्या पागेची सवय. पहाटे काम, मग खरारा, चंदी, आणि बाकी दिवस ठाणबंद. वेस्टर्न पागेत घोडा दिवसभर करतो तरी काय?

ढिला_लगाम

पंधरा-वीस स्टॉपचा सराव आजपासून बंद करा. रेसमध्ये जॉकी लगाम धरून बसतो आणि घोडा त्या लगामावर भार टाकून पळतो. म्हणजे तोंडावरचा ताण वाढला की जोर लावायचा, हे त्याला वर्षानुवर्षं शिकवलंय. तुम्ही खेचता तेव्हा तो शिकवलेलंच करतो, त्यात त्याचा अडेलपणा काही नाही.

वेस्टर्नचा सगळा डोलारा दाब सोडण्यावर उभा आहे. दाब फक्त प्रश्न विचारतो, उत्तर बरोबर आलं हे घोड्याला दाब सुटल्यावर कळतं. त्यामुळे हात किती हलका आहे यापेक्षा तो किती वेळेवर सुटतो हे महत्त्वाचं.

सुरुवात उभ्या घोड्यावर करा, साध्या जोडाच्या स्नॅफलवर (दांड्या नसलेली, मधे सांधा असलेली तोंडातली कडी). डावा लगाम हळूहळू गोळा करा, हात मांडीला टेकवा आणि तिथेच रोवून ठेवा. ओढायचं नाही, फक्त धरायचं. घोडा आधी रेटेल, मग डोकं झटकेल, कदाचित जागेवर गोल फिरेल. फिरू दे. पाय थांबले आणि नाक दोन बोटं आत येऊन लगाम आपोआप सैल पडला की त्याच क्षणी हात पूर्ण सोडा. डोकं झटकत असताना सोडलात तर झटकणं पक्कं होणार. एक सेकंद उशीर झाला तर तोवर तो पुन्हा रेटायला लागलेला असतो आणि बक्षीस त्या रेटण्याला मिळतं. शर्यतीत एकाच दिशेने पळून घोडा एका बाजूला ताठर झालेला असतो, त्या बाजूला दुप्पट वेळ द्या.

स्टॉप चालीवर शिकवायचा. आधी मांड खाली बसवा, श्वास सोडा, पाय सैल. मग "व्हो". तरीही थांबला नाही तरच लगाम. हा क्रम रोज तोच हवा, लगाम कायम शेवटी. थांबला की चार-पाच पावलं मागे घ्या आणि लगाम टाकून अर्धा मिनिट उभं राहू द्या. "व्हो" नंतर मागेच जायचंय हे कळलं की तो आपणहून वजन मागच्या पायांवर घ्यायला लागतो. चालीवर नुसत्या मांडीने थांबेपर्यंत दुडकीवर जाऊ नका, आणि दुडकीवर जमेपर्यंत कँटरवर (हलक्या धावेवर) नाही. यात महिने जातात.

घसरत थांबण्याचा स्टॉप सरळ धावेतून येतो. वेग शेवटपर्यंत हळूहळू चढता हवा. मध्येच चढून पडला की घोडा पुढच्या पायांवर येतो. चांगल्या स्टॉपमध्ये मागचे पाय पोटाखाली जाऊन घसरतात आणि पुढचे चालत राहतात. लगाम झटकला की पाठ खोलगट होते आणि मागच्या पायांना पोटाखाली जायला जागाच उरत नाही. तुमच्याकडे नेमकं हेच चाललंय. सोपा उपाय म्हणजे रिंगणाच्या लांबीत सरळ कुंपणाकडे जायचं आणि थांबवायचं काम कुंपणावर सोपवायचं. तुम्ही फक्त त्याला सरळ ठेवायचं. पुरा स्टॉप आठवड्यातून एकदा-दोनदा, तेव्हाही तीन-चारच. बाकी दिवस त्याच धावेने स्टॉपची जागा ओलांडून पुढे निघून जा, नाहीतर तो ती जागा ओळखून आधीच थबकायला लागेल. स्पर्धेच्या पॅटर्नचे (ठरलेल्या हालचालींच्या क्रमाचे) तुकडे घोटायचे, अख्खा पॅटर्न नाही.

सर्कलमध्ये लगाम ढिला ठेवून सोडून द्या. वेग वाढवला की न बोलता लहान सर्कलमध्ये घ्या, मंदावला की पुन्हा मोठं सर्कल आणि हात मोकळा. धरून ठेवलेला संथपणा हात सोडल्यावर टिकत नाही. स्पिनसाठी, म्हणजे जागेवरच्या गिरकीसाठी, चालीवरचं लहान वर्तुळ आणखी लहान करत आणा. बाहेरचा पुढचा पाय आतल्या पायाच्या पुढून ओलांडला पाहिजे. मागून जायला लागला तर पुढे चालण्याची इच्छा संपलीय असं समजा, सरळ दुडकीवर बाहेर काढा. पॅटर्नमध्ये बहुधा चार फेरे लागतात. सुरुवातीला एक नीट फेरा मिळाला की उतरा.

शँकचं कर्ब बिट (लांब दांड्यांचं, हनुवटीखाली साखळी असलेलं) एका हाताने वापरायचं असतं, मानेला लगाम टेकताच घोडा वळायला लागल्यावरच घाला. कर्बची साखळी सपाट आणि किमान अर्धा इंच रुंद असावी, हनुवटीखाली दोन बोटं जावीत. बिघडलेला स्टॉप कडक बिटाने दुरुस्त करायला जाल तर डोकं आणखी वर जाईल.

आणि एक. रेनिंगचे घोडे बहुतेक क्वार्टर हॉर्स, बुटके आणि मागून भरदार. उंच, लांब पायांच्या थरोब्रेडला तेवढं खाली बसता येत नाही, त्याच्याकडून लांब घसरणीची अपेक्षा ठेवू नका. मारवाडीची मान मुळात उंच असते, ती बांधून खाली आणण्याचा खटाटोप अजिबात नको.

दिवसाचं म्हणाल तर खोगिरावरचं काम पाऊण तास पुष्कळ, त्यातली पहिली दहा मिनिटं नुसती चाल. उतरल्यावर लगेच ठाणावर न्यायचं नाही. तंग सैल करून झाडाखाली तास-दोन तास बांधून ठेवा. काम संपलं की घाईने घरी, हे डोक्यातून गेलं पाहिजे.

मुरूम_आणि_नाल

रिंगणावर बोलतो, कारण चार इंच भुसभुशीत वाळूत जगातला कुठलाही घोडा घसरणार नाही. खूर रुततो आणि शिरांवर ताण येतो. खाली टणक, गुळगुळीत तळ आणि वर अडीच ते तीन इंच मोकळा थर, बस.

काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, तिच्यावर थेट काही टाकणं म्हणजे पैसे पाण्यात. वरची फूट-दीड फूट माती काढा, जिओटेक्स्टाइल अंथरा, त्यावर कडक मुरूम सहा-सहा इंचाच्या थरांत पाणी मारून रोलरने दाबा. एका बाजूला साधारण शंभर फुटाला एक फूट उतार आणि कडेने चर. वरच्या थराला २० बाय ४० मीटर रिंगणात सुमारे २० ब्रास माल लागतो, ३० बाय ६० केलंत तर ४५ ब्रास धरा. धावेसाठी दुसरंच बरं. नुसती क्रश सँड दाबून घट्ट बसते, नुसती गोल वाळू पायाखालून पळते. वाळूत थोडी बारीक माती मिसळून बांधणी साधावी लागते. कुळव खोल लावू नका, तळ एकदा खरवडला की तिथे पाणी साचतं. आठवड्यातून एकदा लोखंडी पट्टी दहा ठिकाणी खुपसून खोली मोजा. कुंपणाच्या कडेला माल ढकलला जातो आणि मध्ये उघडं पडतं.

स्लायडर नाल, म्हणजे घसरण्यासाठीचे रुंद गुळगुळीत नाल, फक्त मागच्या पायांना. सपाट पट्टी, मधली खाच नको, खिळ्यांची डोकी पट्टीत बुडलेली, पुढचं टोक किंचित वर वळवलेलं, मागची टोकं टाचेपर्यंत सरळ. सुरुवातीला पाऊण इंच रुंद, स्टॉप समजल्यावर एक इंच. आपल्याकडच्या नालबंदाला लाकडी नमुना करून दिलात तर काम सोपं जातं. पाच-सहा आठवड्यांनी बदलायचेच. हे नाल घालून घोडा डांबरी रस्त्यावर किंवा घाटात काढू नका, पाय सटकलाच म्हणून समजा. मागच्या पायांना स्किड बूट (घसरताना घासू नये म्हणून), पुढच्या खुरांवर बेल बूट (घंटेच्या आकाराचं आवरण), आणि काम संपताच दोन्ही उतरवा, आत अडकलेली वाळू कातडी सोलते.

खोगीर पंधरा किलोच्या आसपास भरतं. थरोब्रेडच्या वदरावर, म्हणजे मानेच्या बुडाशी जो उंचवटा असतो तिथे, स्वार बसल्यावर दोन-तीन बोटं मोकळी राहिली पाहिजेत. मागचा तंग पोटाला हलका टेकलेला हवा. लोंबता ठेवला तर त्यात पाय अडकतो.

तोबरा

दादा, तास-दोन तास बांधण्याचं ठीक, पण उरलेले बावीस तास ठाणबंद असतील तर त्या बांधण्यातून घोडा संयम शिकत नाही, नुसता कुढतो. आधी मोकळं सोडणं, रोज किमान चार-पाच तास, शक्यतो जोडीने. मग बांधणं.

चारा सुका धरून वजनाच्या दीड ते दोन टक्के, म्हणजे ४५० किलोच्या घोड्याला सात ते नऊ किलो, चार-पाच वेळा विभागून. रेसचा ओट्सचा रतीब चालू असेल तर दोन आठवड्यांत निम्म्यावर आणा. निम्मा उन्माद तिथूनच येतो आणि दोष मात्र ट्रेनिंगला लागतो. एका वेळी चंदी दोन किलोच्या वर नको. कोंड्यात फॉस्फरस जास्त, त्यामुळे रोज पाटीभर कोंडा देत असाल तर लसूणघास सोबत हवाच. मीठ रोज ३० ते ५० ग्रॅम. कडवळ घोड्याला घालू नका. गाईम्हशींना चालतं म्हणून मोतद्दार हमखास आणतात, पण हिरव्या ज्वारीने घोड्याच्या मूत्राशयाची आणि मागच्या पायांची ताकद जाते, कोवळीत तर सायनाइडचा धोका. वाळूवर टाकून काहीच खायला देऊ नका, पोटात वाळू साठून पोटशूळ होतो.

पहाटे खोगिराआधी चार गोष्टी: लीद, उरलेला चारा, चारही पायांना हात लावून गरमपणा, आणि ताप. ३८.५ अंशाच्या वर असेल तर काम बंद. पावसाळ्यात गोमाशांमुळे सर्रा (रक्तातल्या परजीवीचा आजार) होतो, ताप चढतो-उतरतो, पोटाखाली-पायांवर सूज येते; रक्त तपासल्याशिवाय "थकलाय" म्हणून सोडू नका. काम संपल्यावर दहा-पंधरा मिनिटांत नाडी साठच्या खाली आली पाहिजे. नाही आली तर दुसऱ्या दिवशी नुसती चाल.

पौडरोडवाला

मनापासून आभार. बांधायचं कसं हे सांगाल का? आमच्याकडे आगाडी-पिछाडीचीच पद्धत आहे, आणि थरोब्रेड बांधला की मागे खेचतो.

ढिला_लगाम

तोबरा यांचं मोकळं सोडण्याचं म्हणणं मान्य, क्रम तोच ठेवा. पिछाडी नको, घाबरून उसळला तर मागचे पाय दुखावतात. दोरी वदराच्या उंचीच्या वर, न हलणाऱ्या खांबाला किंवा जाड फांदीला, लांबी हातभर. मान जमिनीला लागेल इतकी लांब ठेवली की पाय अडकतो. एका झटक्यात सुटणारी गाठ, आणि लगामाने कधीच बांधायचं नाही, मोरखीनेच. मागे खेचणाऱ्या घोड्याला पहिले काही दिवस बांधूच नका. दोरी खांबाला एक वेढा देऊन टोक हातात ठेवा. खेचलं की थोडी सरकू द्या, एक पाऊल पुढे आला की लगेच सैल. सावली हवी, पाणी मध्ये एकदा दाखवा, आणि माणूस नजरेच्या टप्प्यात. पाय आपटणं थांबून एक मागचा पाय सैल सोडून उभा राहिला की सोडा. खोदकाम चालू असताना सोडलंत तर उद्या दुप्पट खड्डा मिळेल.