मुलीचं नाव 'पागोळी' ठेवावं का?

सरवा: लेक आषाढात झाली, येत्या रविवारी बारसं. मला नाव पागोळी ठेवायचंय. कौलांवरून ओघळून वळचणीला धार लागते, ती पागोळी. कोकणातल्या आजोळी त्या धारांखाली ओंजळ धरून आम्ही तासन् तास उभे असायचो. कियांश-रियांश छापाचं नाव नको. सासूबाई म्हणतात, "अगं, वळचणीचं पाणी कुणी नावात घेतं का?" तुम्हाला काय वाटतं?

भीमथडी: शब्द गोड आहे, पण नाव म्हणून नको. महाराष्ट्राबाहेर 'ळ'चा 'ल' होणार. पासपोर्टवरचं रोमन स्पेलिंग वाचून लोक 'पागोली' म्हणणार आणि हिंदी बोलणारी पोरं चार दिवसांत तिला 'पागल' करणार. हौस तुमची, निस्तरायचं तिनं?

उंबरठा: वर्षा, सरिता, मेघा चालतात ना? पाऊस, नदी आणि ढगच ते! संस्कृतातलं पाणी चालतं, मग मराठीतलंच का खुपतं? जात्यावरची ओवी आज पाळण्यात आलीच की. खुशाल ठेवा.

तिफण: अर्थ उघडा असला की तो माणसाला चिकटतो. मुलगा हवा असताना मुलगी झाली म्हणून साताऱ्याकडे 'नकुशा' नाव ठेवत. रोज हजेरीला तेच ऐकायचं! २०११ मध्ये तिथं अशा २८०हून जास्त मुलींना नवी नावं दिली गेली. पागोळीत तसलं वाईट काही नाही, कबूल. पण आठवण आईची आहे, लेकीची नाही.

उंबरठा: मग धोंडू-दगडूचं काय? मूल जगावं, दृष्ट लागू नये म्हणून ही नावं ठेवत. धोंडो केशव कर्व्यांना १९५८ साली भारतरत्न मिळालं. त्यांच्या नावात धोंडा कुणाला दिसतो?

भीमथडी: सगळ्यांची लेकरं महर्षी होत नाहीत हो. पाचवीच्या वर्गात तिला एकटीलाच तोंड द्यायचंय.

माजघर: घाई कशाला? जन्माची नोंद नावाशिवायही होते. बारा महिन्यांच्या आत नाव विनाशुल्क घालता येतं. तोवर हाक मारून बघा. फोनवर सांगाल तेव्हा निम्मे लोक 'पाकोळी' ऐकतील, तेही कळेल.

सरवा: 'पागल'चा मुद्दा मनाला लागला. तरी रविवारी आत्या कानात पागोळीच सांगणार. दाखल्याचं दिवाळीनंतर बघू.

भीमथडी: घरात जरूर पागोळी म्हणा. माझा विरोध दाखल्यापुरताच आहे.