वधू-वर सूचक मंडळाच्या वेबसाइटला नवा डेटा कायदा लागतो का? मदत हवी आहे

संकेतसेवक:
नमस्कार मंडळी. आमच्या ज्ञातीचं पुण्यात वधू-वर सूचक मंडळ आहे. पूर्वी मेळाव्याला छापील सूची निघायची. करोनात तिची पीडीएफ झाली, मग वेबसाइट आली आणि आता व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपही आहेत. वेबसाइटचं मी बघतो, हौसेने.

स्थळाच्या नोंदीत काय काय असतं ते इथे सगळ्यांना ठाऊक आहे: फोटो, जन्मवेळ, नाडी-गण, पगार, घर स्वतःचं की भाड्याचं, वडिलांचा मोबाइल. झालंय असं की एका मुलीचं लग्न होऊन बराच काळ लोटला, आम्ही तिची नोंद काढलीही, पण जुनी पीडीएफ अजून फिरतेय. तिच्यातला फोटो आणि माहिती एका भलत्याच विवाहजुळणी साइटवर 'नवीन स्थळ' म्हणून चढली आणि सासरच्यांच्या नजरेस पडली. पुढचं सांगायला नको. आता वडील विचारताहेत, नव्या कायद्याने मंडळावर तक्रार होते ना?

कार्यकारिणीत दोन तट आहेत. अध्यक्ष म्हणतात, आपण ना नफा ना तोटा, हे कायदे फेसबुक-इन्स्टावाल्यांसाठी. खजिनदारांनी कुठेतरी २५० कोटी दंड वाचलाय आणि त्यांची झोप उडाली आहे. (मंडळाची शिल्लक सांगितली तर हसाल.) कायदा आम्हाला लागतो का? लागत असेल तर कधीपासून, आणि वेबसाइटवर नेमकं काय बदलू? काही स्थळं जर्मनी-आयर्लंडमधली आहेत, त्यांचं काय?

कट्टेकरी:
खजिनदारांना सांगा, २५० कोटी ही कमाल मर्यादा आहे. आता निवांत झोपा म्हणावं.

प्राजक्ता_पु:
कामानिमित्त या कायद्याशी रोजचा संबंध आहे म्हणून लिहिते. मी वकील नाही.

अध्यक्षांचं म्हणणं टिकत नाही. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३ तुम्ही नफा कमावता की समाजसेवा करता हे विचारत नाही. कुणाची माहिती कशासाठी आणि कशी वापरायची हे जो ठरवतो तो 'डेटा फिड्युशरी', म्हणजे इथे मंडळ. फॉर्म कागदावर घेऊन नंतर संगणकावर चढवला तरी कायद्यात आलात. कपाटातल्या निव्वळ कागदी फायली तेवढ्या बाहेर. काही संस्थांना काही कलमांतून सूट द्यायचा अधिकार केंद्राकडे आहे, पण त्यासाठी अधिसूचना लागते. लहान आहोत म्हणून आपोआप सुटका नाही.

या कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, पण लागू होतात ते टप्प्याटप्प्याने. तक्रारी ऐकून दंड करणाऱ्या डेटा संरक्षण बोर्डाची तरतूद लगेच लागू झाली. संमती, सूचना, सुरक्षा या मुख्य जबाबदाऱ्या १८ महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ पासून. तोवर त्या वडिलांना या कायद्याखाली मंडळावर दाद मागता येत नाही. त्यानंतरही तक्रार मुलीने करायची, कारण माहिती तिची. आधी मंडळाकडे, तिथे निकाल लागला नाही तर बोर्डाकडे. भरपाई मात्र तिला मिळणार नाही, दंड सरकारी तिजोरीत जातो. हे मला स्वतःला पटत नाही, पण कायदा तसा आहे.

खरी मेख पुढेच आहे. तुमचे फॉर्म भरतं कोण? वडील, मामा, नाहीतर एखादी उत्साही आत्या. कायद्याने सज्ञान व्यक्तीची संमती तिची स्वतःचीच लागते. आई-वडिलांची संमती १८ वर्षांखालच्यांसाठी आहे. २६ वर्षांच्या मुलीसाठी वडिलांची सही म्हणजे संमती नव्हे. आपलं नाव मंडळात आहे हे पहिला फोन आल्यावर कळलेल्या मुली माझ्याच ओळखीत आहेत! उलट वडिलांचा मोबाइल ही वडिलांची माहिती, तिथे होकार त्यांचा.

म्हणून नोंद झाली की मुलाच्या किंवा मुलीच्या स्वतःच्या मोबाइलवर ओटीपी पाठवा. कोणती माहिती घेतली, कुणाला दिसणार, कशासाठी, हे सोप्या मराठीत दाखवा आणि मग होकार घ्या. ही सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या २२ भाषांपैकी कुठल्याही भाषेत बघायची सोय द्यावी लागणार आहे. होकार द्यायला जितकं सोपं, तितकंच मागे घ्यायला हवं. 'नोंद रद्द करण्यासाठी रविवारी १० ते १२ कार्यालयात लेखी अर्ज आणावा' हे यापुढे चालणार नाही.

जुनाजाणता:
एवढं घाबरवू नका हो. बायोडाटा वाटण्यासाठीच देतात लोक. स्वतः जाहीर केलेली माहिती कायद्यातून वगळली आहे, कलम ३ वाचा. आणि मावशीने एखादं स्थळ पुढे पाठवलं तर काय मावशीला नोटीस?

प्राजक्ता_पु:
मावशी सुटल्या. व्यक्तीने घरगुती कारणासाठी केलेला वापर वगळलाच आहे. मंडळाचा ग्रुप मात्र घरगुती नव्हे. आणि कलम ३ ची ती सूट तिने स्वतः माहिती सार्वजनिक केली असेल तर. इथे तिने (खरं तर वडिलांनी) मंडळाला दिली आणि मंडळाने पीडीएफ करून वाटली. आपणच जाहीर करायचं आणि मग जाहीरच होतं म्हणायचं, हे कसं चालेल?

म्युनिककर:
जर्मनी-आयर्लंडबद्दल. युरोपचा जीडीपीआर हा डेटा संरक्षण कायदा मे २०१८ पासून लागू आहे आणि सेवा फुकट असली तरी लागतो, जर ती युरोपात राहणाऱ्यांना देऊ केलेली असेल. इथून साइट उघडते एवढ्याने तुम्ही अडकत नाही. पण 'परदेशस्थ स्थळे' असा वेगळा विभाग आणि युरोमध्ये शुल्क असेल तर तुमचा रोख इकडच्यांवर आहे असं धरलं जाऊ शकतं.

समाजसेवेच्या मुद्द्यावर स्वीडनचा लिंडक्विस्ट खटला वाचण्यासारखा आहे. चर्चमध्ये स्वयंसेवा करणाऱ्या या बाईंनी घरच्या संगणकावर वेबपान बनवून सहकाऱ्यांची माहिती टाकली. त्यात एकीचा पाय दुखावलाय हेही लिहिलं. २००३ मध्ये युरोपीय न्यायालयाने सांगितलं की इंटरनेटवर सगळ्यांसाठी खुलं केलं की ते घरगुती राहत नाही, आणि पायाची दुखापत ही आरोग्याची माहिती. धर्म आणि आरोग्याला तिथे जास्तीचं संरक्षण आहे. भारतीय कायद्यात असा वेगळा वर्ग नाही. मंगळ कुठल्या वर्गात बसवायचा हे इथल्या अधिकाऱ्याला समजावताना मजा येईल.

संकेतसेवक:
सगळ्यांचे आभार. परदेशस्थ विभाग आहेच, बघतो त्याचं. अजून दोन गोष्टी सांगा. जुन्या नोंदींचं काय करू, आणि त्या दुसऱ्या साइटवरून मुलीचा फोटो कसा उतरवायचा?

प्राजक्ता_पु:
फोटोचं आधी. मुलीने त्या साइटच्या तक्रार अधिकाऱ्याला लेखी कळवावं. २०२१ च्या आयटी नियमांप्रमाणे असा अधिकारी नेमून त्याचा संपर्क साइटवर द्यावाच लागतो. कुणी तिच्या नावाने खोटं खातं चालवत असेल तर सायबर क्राइम पोर्टलवर तक्रार. दोन्हीकडे स्क्रीनशॉट लागतील, ते आधी काढून ठेवा. यातलं काही मे २०२७ साठी थांबलेलं नाही.

जुन्या नोंदींत ज्यांची लग्नं झाली त्यांची माहिती पुसून टाका, बॅकअपमधूनही. उरलेल्यांना मुख्य तरतुदी लागू झाल्यावर नव्याने सूचना पाठवावी लागेलच, मग आत्ताच पाठवा.

आणि पीडीएफ बंद करा. एकदा बाहेर गेली की परत आणता येत नाही, कायदा असो वा नसो. स्थळं लॉगिन केल्यावरच दिसू देत, मोबाइल नंबर दोन्हीकडून होकार आल्यावरच.

साइट होस्ट करणाऱ्याशी लेखी करार आहे ना? माहिती त्याच्याकडून फुटली तरी जाब मंडळाला. ज्यांची फुटली त्यांना आणि बोर्डाला लगेच कळवायचं, बोर्डाला सविस्तर तपशील ७२ तासांत.

संकेतसेवक:
करार कसला, अध्यक्षांचा भाचा आहे तो. रविवारच्या बैठकीत हा विषय मलाच काढावा लागणार.