जुन्या कोअर टू ड्युओवर वेब सर्व्हर: डेटाबेस उठतच नाही (बजेट ३,०००)

वाचनालय_ताई
आमच्या सदाशिव पेठेतल्या छोट्या वाचनालयाची पुस्तकसूची सभासदांना मोबाइलवर शोधता यावी म्हणून खटपट चाललीये. एका सभासदांनी जुना पीसी दिला: कोअर टू ड्युओ ई७५००, ४ जीबी रॅम, १६० जीबी हार्ड डिस्क. भाच्याने पीएचपीत (वेबपानाची भाषा) पान करून डॉकरमध्ये (प्रोग्रॅम सगळ्या सामानासकट एका डब्यात चालवणारं साधन) बांधून दिलं. त्याच्या लॅपटॉपवर सगळं सुरळीत. इथे उबंटू २२.०४ (लिनक्स) वर वेब सर्व्हर अपाचे उठतो, पण डेटाबेस मायएसक्यूएल दोन सेकंदांत पडतो, पुन्हा उठतो, पुन्हा पडतो. लॉगमध्ये एकच ओळ: ‘फेटल ग्लिबसी एरर: सीपीयू डझ नॉट सपोर्ट एक्स८६-६४-व्ही२’. ९,४०० पुस्तकांच्या नोंदी मी दोन उन्हाळे बसून टाइप केल्यात. बजेट ३,०००. पैसे वर्गणीचे आहेत, त्यामुळे वर जाता येणार नाही.

हडपसरकर
ताई, त्या डब्यावर खर्च नको. मी दिवाळीत तपकीर गल्लीतून जुना मिनी पीसी घेतला, चौथ्या पिढीचा आय५, ८ जीबी, ८,५०० ला. आवाज नाही, गरम होत नाही. घेऊन टाका.

नळस्टॉप_७१
एसएसडी (वेगवान डिस्क) टाका, दुसरं काही नको. माझा २००९ चा पीसी एसएसडीने अक्षरशः पळायला लागला.

सिंहगडरोड
हा प्रोसेसर ३२ बिट असणार, म्हणून एरर येते. ३२ बिट लिनक्स टाका.

पाषाण_अ‍ॅडमिन
सिंहगडरोड, कोअर टू ड्युओ सगळे ६४ बिट आहेत. शिवाय उबंटू २२.०४ ची ३२ बिट आवृत्तीच नाही, म्हणजे तो चढला तिथेच उत्तर मिळालं.

ताई, एररमध्ये खरं कारण लिहिलंय. मायएसक्यूएलची हल्लीची डॉकर इमेज (डॉकरचा तयार साचा) ओरॅकल लिनक्स ९ वर बांधतात आणि त्या लिनक्सला किमान ‘व्ही२’ पातळीचा प्रोसेसर लागतो. त्या पातळीत एसएसई ४.२ आणि पॉपकाउंट या प्रोसेसरच्या सूचना येतात. इंटेलने त्या २००८ मध्ये नेहेलम प्रोसेसरपासून दिल्या. तुमचा ई७५०० एसएसई ४.१ वर थांबतो. टर्मिनलवर एलएससीपीयू चालवा, फ्लॅग्जच्या यादीत एसएसई४_२ दिसणार नाही. एसएसडी किंवा रॅम घालून हे बदलत नाही.

उबंटू आणि डेबियन या लिनक्सचं ६४ बिट पॅकेज मात्र साध्या पातळीसाठीच बांधतात, म्हणून बाकी सगळं चालतंय. मारियाडीबी हा मायएसक्यूएलसारखाच डेटाबेस, त्याची अधिकृत इमेज उबंटूवर आहे. कंपोझ फाइलमध्ये (डॉकरने काय चालवायचं त्याची यादी) मायएसक्यूएलच्या जागी मारियाडीबी १०.११ लिहा, डेटाबेसचा जुना व्हॉल्यूम (डॉकरने डेटा साठवलेली जागा) काढून टाका (त्याआधी नोंदींची एसक्यूएल फाइल पेनड्राइव्हवर ठेवा!) आणि उठवा. पासवर्डची व्हेरिएबल्स तीच चालतात. खर्च शून्य.

सिंहगडरोड
३२ बिटबद्दल माझं चुकलं. पण डेबियन १३ ने २०२५ मध्ये ३२ बिट पीसीवर बसवायची सोय बंद केली याचा राग आहे. माझ्याकडे चांगली चालणारी दोन मशीन पडून आहेत.

हडपसरकर
विजेचा हिशेब कोणी करत नाही. हा पीसी ६० वॅट धरा. चोवीस तासांचे १.४४ युनिट, महिन्याला ४३. मिनी पीसी याच्या पाव भागात भागवतो. परत सांगतो, मिनी पीसी घ्या.

कर्वेनगर_काकू
घड्याळाची बॅटरी बघा ग आधी. आमच्या पीसीची संपली होती, प्रत्येक वेळी तारीख काही वर्षं मागे जायची. अपडेट करायला गेलं की ‘रिलीज फाइल अजून वैध नाही’ आणि कुठलीही सुरक्षित साइट उघडेना. लेकाने चार दिवस नेटवर्क खोदलं. शेवटी सीआर२०३२ चं बटण (नाण्याएवढा सेल) बदललं आणि सुटलो.

वाचनालय_ताई
मारियाडीबी उठला!! पण नोंदी चढताना ‘अननोन कोलेशन: यूटीएफ८एमबी४_०९००_एआय_सीआय’ येतंय.

पाषाण_अ‍ॅडमिन
ते कोलेशन (अक्षरांची तुलना आणि क्रम ठरवणारा नियम) मायएसक्यूएल ८ चं आहे, १०.११ ला माहीत नाही. एसक्यूएल फाइलमध्ये सगळीकडे त्याजागी यूटीएफ८एमबी४_युनिकोड_सीआय करा. ‘यूटीएफ८एमबी४’ हा भाग राहू द्या, नाहीतर मराठी नावांची प्रश्नचिन्हं होऊ शकतात. व्हॉल्यूम रिकामा करून पुन्हा चढवा. नोंदी फक्त रिकाम्या डेटाबेसवरच आपोआप चढतात.

नळस्टॉप_७१
आता एसएसडी पण टाकाच.

वाचनालय_ताई
झालं! काल संध्याकाळी मोबाइलवर ‘सह्याद्री’ टाइप केलं आणि १७ पुस्तकं आली, कपाटाच्या क्रमांकासकट. ळ, ऱ्य, सगळं नीट. पाषाणकर, मनापासून आभार. काकू, तारीख खरंच २०१० ची होती, बटण ४० रुपयांत बदललं.

मिनी पीसी घेत नाहीये, एसएसडीही नाही. आमच्याकडे गुरुवारी लाईट जाते, आणि डेटाबेस लिहीत असताना ती गेली तर दोन उन्हाळे पाण्यात. म्हणून कोपऱ्यात पडलेल्या यूपीएसला १२ व्होल्ट ७ एएचची नवी बॅटरी घातली, ९५० रुपये. उरलेल्यातून रोजच्या बॅकअपसाठी दोन पेनड्राइव्ह घेतले, एक वाचनालयात, एक माझ्या घरी. रात्री पीसी बंदच असतो, त्यामुळे बिलही कमी येईल.

हडपसरकर
यूपीएस चांगलं केलंत. पण वर्षभरात मदरबोर्ड गेला तर मला निरोप टाका, तपकीर गल्लीत सोबत येतो.