हनुवटीखालच्या सैल त्वचेवर शस्त्रक्रियेविना उपचार : मदत हवी आहे
माझे वय 52 असून, 14 किलो वजन उतरवल्यानंतर हनुवटीखालची त्वचा सैल होऊन लोंबू लागली आहे. त्वचारोगतज्ज्ञांनी हायफू, म्हणजे ध्वनिलहरींनी त्वचेखालच्या थरांना उष्णता देऊन नवे कोलेजन (त्वचेला घट्टपणा देणारे प्रथिन) तयार करवणारा उपचार, किंवा सूक्ष्म सुयांची रेडिओफ्रिक्वेन्सी, म्हणजे बारीक सुयांवाटे रेडिओलहरींची उष्णता त्वचेत पोहोचवणारा उपचार, सुचवली असून, परिणाम दिसायला 2-3 महिने लागतील असे सांगितले आहे. डीऑक्सिकोलिक आम्लाची इंजेक्शने चरबी घालवतात, सैल त्वचा आवळत नाहीत, म्हणून ती माझ्या कामाची नाहीत. त्वचा वर ओढून धरण्यासाठी आत घालायच्या विरघळणाऱ्या धाग्यांची तर, खरे सांगायचे म्हणजे, मला धास्तीच वाटते. पन्नाशीनंतर यांपैकी काही करून घेतलेल्यांनी वेदना, सूज, एकूण खर्च आणि वर्षभरानंतर टिकलेला फरक यांविषयी कृपया मोकळेपणाने लिहावे. सावळ्या वर्णावर डाग राहिले का, हेही कळवावे.